सिव्हिलमध्ये आलेले शब्द

नाशिकजवळचं आपलं देवळाली इंग्लिशच्या डिक्शनरीत जाऊन बसलंय, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे. साहेबाच्या तोंडी त्याचं झालं 'डूलाली' आणि अर्थ झाला डोकं फिरलेला, सटकलेला. भानगड अशी की एकोणिसाव्या शतकात इथल्या ज्या गोऱ्या सोल्जरांची नोकरीची मुदत संपायची, त्यांना विलायतेला धाडण्याआधी देवळालीच्या कॅम्पात आणून ठेवायचे. सैन्य नेणारी जहाजं चालायची साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ज्या बिचाऱ्याची मुदत एप्रिलात संपली त्यानं उन्हाळा काढायचा, पावसाळा काढायचा आणि तिथंच बसून राहायचं. काम नाही, धड परेड नाही, खिशात पैसे आणि बाजारात दारू. मग मारामाऱ्या, आजारपणं, कोठडी. पूर्ण शब्द होता 'डूलाली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला साधा ताप. देवळालीचा ताप. लढाईत न चढणारा, रिकामं बसल्यावर चढणारा.

आमच्या भावोजींना तो फोंड्यात चढला.

भावोजी म्हणजे ताईचे मिस्टर. मूळचे गडहिंग्लजकडचे, मराठा लाईट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झाले. ताई फोंड्याला शाळेत शिकवते म्हणून घर इथं कुर्टीला बांधलं, शिवाय चोर्ला घाट चढून गेलं की बेळगाव, रेजिमेंटचं सेंटर, त्यामुळे त्यांना गोवा काही परका नव्हता. पहिले काही महिने मजेत गेले. पेन्शनचे कागद, ईसीएचएसचं म्हणजे माजी फौजींच्या दवाखान्याचं कार्ड, कॅन्टीनचं कार्ड, गावाकडे सत्यनारायण. मग ते संपलं. माणूस पहाटे साडेचारला उठून दाढी करून तयार, जायचं कुठं ते माहीत नाही. बूट पॉलिश करून ठेवायचे. कॉलनीतल्या लोकांच्या स्कूटरी आपणच एका रांगेत लावायचे, शेजारचा पाव आणायला निघाला की स्कूटर सापडेना. ताई एक दिवस फोनवर म्हणाली, "ह्यांना कुठंतरी चिकटव रे बाबा, नाहीतर मला वेड लागेल."

मी हॉटेलांची ब्रोशरं, वेबसाइटी, असलं इंग्लिश लिहून पोट भरतो, तेव्हा बायोडाटाचं काम ओघानं माझ्याकडे आलं. लॅपटॉप घेऊन बसलो. विचारलं, "भावोजी, आर्मीत नेमकं काय काय केलंत?"

"नोकरी केली."

"म्हणजे काय काम?"

"जे सांगितलं ते."

आता ह्याचं इंग्लिश काय करणार सांगा. आजकालच्या पोरांचे बायोडाटे मी बघतो, कॉलेजात गॅदरिंगला खुर्च्या मांडल्या तरी 'इव्हेंट मॅनेजमेंटचं नेतृत्व केलं' लिहितात, आणि इथं हा माणूस दोन तास खोदल्यावर सांगतो की शेवटची काही वर्षं तो सीक्यूएमएच होता, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांचे बूट, ब्लँकेटं, तंबू, स्टोव्ह, केरोसीन, रेशन, सगळं त्याच्या सहीवर. रस्ता नाही तिथं खेचरांवरनं आणि खेचर जात नाही तिथं हेलिकॉप्टरनं, आणि बर्फ पडून वाट बंद व्हायच्या आत सहा महिन्यांचा साठा वर पोचलाच पाहिजे, वर्षाच्या शेवटी मोजणीला एक ब्लँकेट कमी निघता कामा नये. मी टाइप केलं: लॉजिस्टिक्स, सप्लाय चेन, इन्व्हेंटरी मॅनेजमेंट. भावोजींनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "लॉजिस्टिक्स? हे तर आमचंच आहे की."

खरंच त्यांचंच आहे. सैन्य हलवायचं, ठेवायचं, खायला घालायचं ह्या शास्त्राला फ्रेंच लोक हा शब्द वापरत होते, तिथनं तो एकोणिसाव्या शतकात इंग्लिश सैन्यात गेला आणि आता आपल्याकडे बिस्किटाचा टेम्पो चालवणाराही मागच्या फळीवर लॉजिस्टिक्स रंगवून घेतो. त्या रात्री मी बायोडाटा बाजूला ठेवून हेच बघत बसलो. ऑफिसातलं जवळजवळ सगळं इंग्लिश लष्करातनं आलेलं आहे हो. स्ट्रॅटेजी म्हणजे ग्रीक सेनापतीचं काम. कॅम्पेन म्हणजे मोहीम, आता टूथपेस्टची असते. टार्गेट ही मुळात छोटी ढाल, मग नेम धरायची वस्तू, मग सेल्सवाल्या पोराची महिनाअखेरची धडधड. स्लोगन ही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या टोळ्यांची रणगर्जना, म्हणजे भावोजींच्या पलटणीची 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही खऱ्या अर्थानं स्लोगन आणि साबणाच्या जाहिरातीतली ओळ ही तिची लांबची भाचेसून. टास्क फोर्स अमेरिकन नेव्हीचा, १९४१ च्या सुमाराचा. ब्रीफिंग, डीब्रीफिंग दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवणाऱ्यांचं.

आणि डेडलाईन. हिचं मूळ कळल्यापासून क्लायंटचा मेल आला की मला वेगळंच दिसतं. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं तेव्हा, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिलला युद्धकैद्यांचा तळ होता. उंच लाकडी कुंपण, आणि त्याच्या आत थोड्या अंतरावर एक बुटकं कठडं. ते ओलांडलं, नुसता हात पलीकडे गेला तरी पहारेकऱ्यानं गोळी घालायची. त्या कठड्याला म्हणत डेड लाईन. तळाच्या कमांडंटला पुढं १८६५ साली फाशी झाली, तळ मोडला, पण शब्द राहिला, पुढं अमेरिकेतल्या छापखान्या-वर्तमानपत्रांतनं त्याला वेळेचा अर्थ चिकटला आणि आता 'सरांनी फ्रायडेची डेडलाईन दिलीय' म्हणत माणूस चहा पीत असतो.

म्हणजे बघा, शब्दाला सैन्यातनं सुटल्यावर किती पटकन नोकरी लागते. कुणी विचारत नाही सिव्हिल, म्हणजे फौजेबाहेरचा, एक्सपिरियन्स किती. ब्लॉकबस्टर हा दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब, अख्खी वस्ती उडवणारा, इफ्फी ह्या सिनेमांच्या महोत्सवाच्या दिवसांत पणजीत त्याचा उच्चार करणाऱ्या कुणाला धुराचा वास येत नाही. बिकिनीचं तर काय, १ जुलै १९४६ ला अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अणुबॉम्बची चाचणी घेतली आणि चारच दिवसांनी, ५ जुलैला, पॅरिसमध्ये एका फ्रेंच माणसानं ते नाव दोन तुकड्यांच्या पोहण्याच्या कपड्याला दिलं. बागा-कळंगुटला दुकानांबाहेर लटकलेली असते ती.

इंग्लिशमध्ये नवा शब्द म्हणजे कुणी पंडितांनी बसून घडवलाय असं फार कमी वेळा होतं. बरेचसे शब्द घाईत, अडचणीत, कधी लपवाछपवीत जन्मतात. पहिल्या महायुद्धात लोखंडी चिलखती गाड्या बनत होत्या त्या शत्रूला कळू नयेत म्हणून कारखान्यात सांगायचे, पाण्याच्या टाक्या आहेत, म्हणून रणगाड्याचं नाव टँक. रडार हे नुसत्या आद्याक्षरांचं गाठोडं, १९४० मधलं. १९४५ नंतर ब्रिटनमध्ये लाखो माणसं सैन्यातनं सोडायची होती, डिमोबिलायझेशन एवढं लांबलचक रोज कोण म्हणणार, झालं 'डिमॉब'. घरी जाताना प्रत्येकाला सरकारकडनं साध्या कपड्यांचा जोड मिळायचा त्याला डिमॉब सूट. आणि त्या कपड्यांतनं ज्या दुनियेत जायचं ती 'सिव्ही स्ट्रीट', असा रस्ता कुठल्याच शहरात नसतो. आरामाच्या नोकरीला इंग्रज 'कुशी' जॉब म्हणतो, ते कुशी म्हणजे आपल्याकडच्या शिपायांकडनं उचललेलं खुश. हल्ली आसगाव-हणजुणेकडे मंडळी 'वर्केशन'ला येतात, तो शब्द म्हणजे वर्क आणि व्हेकेशन मधोमध कापून जोडलेले. हे काही मला आवडत नाही, पण आवडण्याचा प्रश्नच नसतो, माझ्या ब्रोशरात मीच तो छापलाय.

असो. बायोडाटा झाला, पाठवला. वेर्ण्याला एका कंपनीत इंटरव्ह्यू लागला. समोर एक पोरगा, भावोजींच्या निम्म्या वयाचा. त्यानं विचारलं, "कॉर्पोरेट एक्सपिरियन्स आहे का?" आणि नंतर त्यानं स्वतःच्या कंपनीची माहिती दिली त्यात, भावोजी सांगत होते, टार्गेट, स्ट्रॅटेजी, मिशन, फ्रंटलाइन टीम, वॉर रूम, एवढं सगळं आलं. वॉर रूम! भावोजी म्हणे, "मला वाटलं आता नकाशा काढतोय." दोन दिवसांत कळवतो म्हणाले आणि काही कळवलंच नाही. ह्यालाही इंग्लिशमध्ये नवीन शब्द आहे, घोस्टिंग, आधी प्रेमात असं करणाऱ्यांसाठी होता, आता एचआरलाही लागू. कंपनी भूत झाली म्हणायचं आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची.

मग पेपरात एक छोटी जाहिरात आली, ती ताईनंच कापून ठेवली होती. 'शिपाई पाहिजे. माजी सैनिकास प्राधान्य.' भावोजी ती हातात घेऊन हसायला लागले. "अरे, चोवीस वर्षांपूर्वी शिपाई म्हणूनच भरती झालो होतो की."

ह्या शब्दाची कथा मोठी वाईट आहे. फारसी सिपाही म्हणजे सैनिक, त्याचा आपल्याकडे शिपाई, पोर्तुगीजांनी तो सिपाई केला, इंग्रजांनी सेपॉय. भावोजींची रेजिमेंट १७६८ मध्ये उभी राहिली ती बॉम्बे सेपॉय म्हणूनच. इथं गोव्यात पोर्तुगीजांचेही मराठा शिपाई होते, १८९५ मध्ये त्यांना आफ्रिकेत मोझांबिकला पाठवायचा हुकूम आला तेव्हा ते बिथरले आणि सत्तरीचे राणे त्यांना जाऊन मिळाले. एवढा दबदब्याचा शब्द, आणि मराठीत आज शाळेतला शिपाई म्हणजे घंटा वाजवणारा, नोटीस फिरवणारा, साहेबाला पाणी देणारा. वाटेल की मराठीनंच त्याचं असं केलं, तर इंग्लिशमधला प्यून बघा. पोर्तुगीज पेआंव, पाय ह्या शब्दावरनं, म्हणजे पायदळातला शिपाई, बुद्धिबळातलं प्यादं. तोसुद्धा हिंदुस्थानात येऊन ऑफिसाच्या दारातल्या स्टुलावर बसला. दोन भाषांतले दोन सैनिक, दोघांनाही सिव्हिलमध्ये एकच नोकरी मिळाली. जमादाराचं तर बोलायलाच नको, आपल्या आर्मीत १९६५ पर्यंत जमादार हा हवालदाराच्या वरचा हुद्दा होता, मग त्याचं नायब सुभेदार केलं, बाहेर तोवर त्या शब्दाला झाडू धरायला लावलं होतं.

म्हणजे लॅटिनचा नाहीतर ग्रीकचा डगला घातलेल्या शब्दांना केबिन मिळते, स्ट्रॅटेजी झाली, लॉजिस्टिक्स झाली, आणि पायदळातल्या शब्दांना स्टूल. माणसांचंही साधारण तसंच आहे. ऑफिसर लोकांसाठी आयआयएममध्ये सहा-सहा महिन्यांचे मॅनेजमेंटचे कोर्स असतात, बाहेर पडले की व्हाइस प्रेसिडेंट ॲडमिन. हवालदाराला एटीएमची खुर्ची. हे मी चिडून लिहितोय हे खरं, पण मोपापासून दाबोळीपर्यंत हॉटेलांच्या, कॅसिनोंच्या, सोसायट्यांच्या गेटवर जरा बोलून बघा, गाडीला हात दाखवणाऱ्यांत किती जण पलटणीतले निघतात.

सरकारी सोयी नाहीत असं नाही. दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसं तिन्ही दलांतनं बाहेर पडतात, बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस वयाची, म्हणजे पोरांच्या फिया आणि घराचे हप्ते ऐन रंगात असताना. दिल्लीला डायरेक्टरेट जनरल रीसेटलमेंट आहे, राज्यांत सैनिक कल्याणची ऑफिसं आहेत, केंद्राच्या ग्रुप सी नोकऱ्यांत १० टक्के जागा राखीव, सरकारी बँकांत आणि कंपन्यांत १४.५ टक्के. एक नियम तर मला फार आवडला, दहावी पास आणि १५ वर्षं सर्व्हिस असली आणि आर्मीचं शिक्षणाचं सर्टिफिकेट असलं की काही ग्रुप सी जागांना ग्रॅज्युएटच्या बरोबरीचं धरतात. पण प्रायव्हेट कंपनीच्या वेबसाइटवर डिग्रीचा रकाना भरायला गेलं की तिथं हा नियम निवडायची सोयच नसते, आणि रकाना मोकळा सोडला तर पुढचं पान उघडत नाही. आणि ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये आपल्या आधीच्या पिढीनं नावं घातली आणि कॉल लेटरची वाट बघत केस पिकवले, ती यंत्रणा सुरू झाली जुलै १९४५ मध्ये, मुख्यतः महायुद्धातनं सुटणाऱ्या सैनिकांना काम शोधून द्यायला. तेव्हा हिंदी सैन्यात २५ लाखांवर माणसं होती. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांकडे, त्यामुळे इथं ती रांग उशिरा आली.

आपल्या जुन्या व्यवस्थेत निदान शब्द तरी स्पष्ट होते. बारगीर म्हणजे ज्याचं घोडं सरकारचं, शिलेदार म्हणजे घोडं आणि हत्यार स्वतःचं घेऊन येणारा. इंग्लिशचा फ्रीलान्स हा आपला शिलेदारच, ज्याचा भाला कुणाला बांधलेला नाही तो, १८२० च्या आसपास वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतनं तो चालू झाला. चोवीस वर्षं बारगिरी केलेल्या माणसाला एकदम सांगायचं, आता शिलेदार हो, स्वतःची वेबसाइट कर, लिंक्डइनवर ये. भावोजींनी लिंक्डइन उघडलं, फोटो युनिफॉर्ममधला लावला आणि पहिल्याच दिवशी विमा विकणाऱ्या चौघांचे मेसेज आले.

हे सगळं वाचताना मला एका गोष्टीची गंमत वाटत राहिली. ह्या शब्दांचे हिशेब ठेवणारे लोक कोण होते बघायला गेलं तर तेही पुष्कळसे फौजीच. आपण मराठीवाले ज्याच्या जिवावर जुने शब्द शोधतो तो मोल्सवर्थ मुंबईच्या फौजेतला कॅप्टन. त्याचा मराठी-इंग्लिश कोश १८३१ चा, त्याच्या मदतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ, दोघंही लष्करातले. ह्यातला थॉमस म्हणजे मेजर कँडी, पुढं पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा सुपरिंटेंडेंट झाला, आज मी हे स्वल्पविराम देतोय ते मराठीत रुळवण्यातही त्याचा मोठा वाटा. इंग्लिशमध्ये गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश १८८६ मध्ये निघाला, त्याच्या दोन कर्त्यांपैकी हेन्री यूल हा बंगाल इंजिनियर्समधला रिटायर्ड कर्नल, आणि ते चमत्कारिक नावसुद्धा गोऱ्या सोल्जरांच्या कानातनं आलेलं, मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन'चं त्यांनी केलेलं हॉब्सन-जॉब्सन.

आणि मग डॉक्टर मायनर. विल्यम चेस्टर मायनर, अमेरिकेच्या यादवी युद्धातला लष्करी सर्जन. डोक्यावर परिणाम झाला, सैन्यातनं निवृत्त केलं, लंडनला आला आणि १८७२ मध्ये भ्रमात एका निरपराध मजुराला गोळ्या घालून मारलं. ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगात रवानगी. तिथं त्याची लष्करी पेन्शन चालू होती, तिच्यावर तो जुनी पुस्तकं मागवायचा. ऑक्सफर्डचा मोठा कोश तयार होत होता, संपादक मरे ह्यांनी लोकांना आवाहन केलं होतं की वाचताना शब्द सापडले की वाक्यासकट चिठ्ठीवर लिहून पाठवा, आणि हा माणूस कोठडीत बसून वर्षानुवर्षं, हजारोंनी चिठ्ठ्या पाठवत राहिला. हवा असलेला शब्द नेमका कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे त्याच्या वह्या करून. मला तो भावोजींसारखाच स्टोअरकीपर वाटतो. प्रत्येक शब्द मोजलेला, सही केलेला, एकही कमी नाही. त्या कोशाचा नियम असा की एकदा आत घेतलेला शब्द काढत नाहीत, वापरातनं गेला तर तसा शेरा मारतात पण जागा राहते. वन रँक वन पेन्शनसाठी दिल्लीला जंतरमंतरवर बसलेल्या म्हाताऱ्या फौजींना एवढी खात्री मिळाली असती तर कशाला बसले असते.

भावोजींना शेवटी नोकरी लागली. माझ्या बायोडाट्यामुळे अजिबात नाही. पलटणीतला एक जुना सुभेदार वेर्ण्याच्या एका औषधाच्या कंपनीत सिक्युरिटी बघतो, त्यानं वेअरहाऊसच्या माणसाशी गाठ घालून दिली, त्या माणसानं डिग्री विचारली नाही, रजिस्टर समोर टाकलं आणि म्हणाला ह्यात चूक कुठाय दाखवा. भावोजींनी दाखवली. आता रात्रपाळीला असतात, पहाटे साडेचारला उठायचा प्रश्न संपला कारण तेव्हा ते जागेच असतात. हुद्द्याचं नाव 'असोसिएट'. कसला असोसिएट ते त्यांनी विचारलं, तर सगळेच असोसिएट म्हणाले.

आता त्यांच्या पुतण्याचा नंबर आहे. तो अग्निवीरांच्या पहिल्या बॅचमधला. योजना जाहीर झाली जून २०२२ मध्ये, चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीच्यांना पावणेबारा लाखांच्या आसपास सेवा निधी, पेन्शन नाही. पहिली बॅच २०२६ च्या शेवटाकडे सुटायची. अग्निवीर हा शब्द इंग्लिश पेपरांनी तसाच्या तसा उचलला, अवतरणचिन्हंसुद्धा काही दिवसांतच गळाली, एवढ्या लवकर शब्द कायम झालेला मी तरी पाहिला नव्हता. पोरांचं अजून ठरायचंय. पंचविशीच्या आसपासच 'एक्स' लागणार त्यांच्या नावाआधी, आणि बाजारात असे हजारो एकदम येणार, त्यांना माजी सैनिक म्हणायचं की आणखी काही ह्यावरसुद्धा गावाकडे वाद होतात, कारण त्या एका शब्दावर कॅन्टीन, दवाखाना, राखीव जागा सगळं लटकलेलं.

गेल्या रविवारी भावोजी त्याच्याशी फोनवर बोलत होते, मी समोरच होतो. "हे बघ, तू आजवर कशाकशावर सही केलीस त्याची यादी आत्ताच करून ठेव, रायफल, रेडिओ सेट, गाडी, सगळं. तुझ्या मामाला लिहायला लागतं." मामा म्हणजे मी, मानलेला. "आणि गाडीचं हेवी लायसन्स आतमध्ये असतानाच काढ. बाहेर आल्यावर वीस हजार मागतात."